एका डोळ्याचा फेब्रुवारी

डावा डोळा जानेवारीत झाला, उजव्याला मार्चची तारीख.
मधला महिना डाव्यानं वाचायचं ठरवलं.
चष्म्याच्या उजव्या काचेवर शर्वाणीनं
वहीच्या कव्हराचा खाकी कागद चिकटवला
आणि त्यावर मिशी काढली.
डोळ्याला मिशी का, मी विचारलं नाही.

शहापूरच्या वाचनालयात हंगिरगेकर बाई
माणशी तीन पुस्तकं देतात.
मला चौथं दिलं, रजिस्टरात न लिहिता.

पहिलं विहिरींवरचं. लिहिणारा स्वतः पाणाडी.
आखूड आखूड वाक्यं, प्रत्येकाच्या बुडाशी ओल.
चार दिवसांत संपलं, मग परत पहिल्या पानावर गेलो.

दुसरं एका रेल्वे गार्डाचं. लोंढा ते कॅसलरॉक,
शेवटच्या डब्यातून दिसलेलं सगळं,
म्हणजे जे मागं पडत गेलं तेवढंच.
एकशे चाळिसाव्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं:
‘खोटं. त्या रात्री मी होतो.’
सही नाही.
दोन दिवस पुस्तक मिटून त्या पेन्सिलीचाच विचार केला.

तिसरं कवितांचं. फारसं कळलं नाही.
एक ओळ मात्र सुपारीच्या खांडासारखी दाढेत राहिली,
गिरणीतनं दळण घेऊन आलो तरी विरघळली नाही.

संध्याकाळी शर्वाणी तिचं पुस्तक घेऊन येते.
तिसरीत आहे. शाळेचं कन्नड, मोठी चित्रं,
छत्री विकत घ्यायला बाजारात निघालेलं कासव.
बाजार त्याला सापडतो तोवर पाऊसकाळ संपलेला.
ती वाचते, मी बोट ठेवतो.
दर ओळीला ‘आमेले’ येतं.
‘आमे म्हणजे कासव ना?’
‘होय की. पण आमेले म्हणजे नंतर.’
‘मग नंतरच्या पोटात कासव कसं?’
तिनं पुस्तक जवळ नेऊन बघितलं.
‘टीचरला विचारतो,’ म्हणाली. अजून विचारलेलं नाही.

उद्यमबागेत चौतीस वर्षं मी साचे केले.
वाळूत अक्षरं उलटी उमटायची,
पंपाचं नाव, साल, पाण्याच्या दिशेचा बाण.
अजून आरशातलं कॅलेंडर मला सुलट वाटतं.
तिला सांगितलं: तुझं कन्नड वाळूला सोसणारं,
कुठं टोक नाही, कोपरा नाही, साचा तुटायचा नाही.
आपल्या मराठीला वर आडवा रनर,
तिथं रस ओतला की ओळभर अक्षरांत उतरतो.
‘आजो,’ ती म्हणाली, ‘ही अक्षरं हाईत. पंप न्हवं.’

चौथं पुस्तक रद्दीत जायचं होतं, म्हणून बिननोंदीचं.
निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या दोघी बहिणी.
धाकटी रात्रीच ट्रंक घेऊन स्टँडवर येते,
संकेश्वरची गाडी लागते,
थोरली धावत येते. आणि शेवटची सोळा पानं नाहीत.
शेवटचा शब्दसुद्धा अर्धाच: ‘उतर-’

बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मीही तिथवरच वाचलंय,
वीस वर्षं झाली.

शर्वाणीला गोष्ट सांगितली, वखारीतली खोकल्याची पानं गाळून.
‘उतरली,’ ती म्हणाली.
मग म्हणाली, ‘उतरणार नाही.’
मग, ‘ट्रंक उतरवली, पण स्वतः बसूनच राहिली.’
थोरलीचं काय, ते ती बोलली नाही.
तिला लहान भाऊ आहे, मोठं कुणी नाही.

आज अठ्ठावीस. तीन पुस्तकं पिशवीत भरली.
चौथं उघडलं, तर फाटक्या शिवणीशी
आतल्या कोऱ्या पुठ्ठ्यावर तिचं पेन्सिलीतलं कन्नड,
एकच शब्द, गोल गोल, भला मोठा.
खाली मिशी.

मदतीला कुणाला हाक मारली नाही.
खिडकीशी बसलो, बोट ठेवलं.
आ.
मे.
आज इथवर आलोय. कासव झालं.
पुढचं अक्षर उद्या.